औषध देताना : परिशिष्टातील एका नव्या तक्त्याविषयी

आपल्या रुग्णालयाचा वार्षिक अहवाल हाती पडला की बहुतेक वाचक प्रथम ताळेबंद पाहतात, नंतर देणगीदारांच्या यादीत आपले वा आपल्या परिचितांचे नाव शोधतात आणि उरलेली पाने सवडीने चाळतात. यंदा परिशिष्टातील एक नवा तक्ता मात्र काहींच्या नजरेला खटकण्याचा संभव आहे. 'औषध देताना झालेल्या व होता होता टळलेल्या चुका' असे त्याचे शीर्षक असून त्यातील या वर्षीचा आकडा गतवर्षीच्या आकड्याहून बराच मोठा आहे. मसुद्यावर चर्चा चालू असताना एका ज्येष्ठ विश्वस्तांनी साहजिकच विचारले, "हे छापलेच पाहिजे का? देणगीदार काय म्हणतील?" विश्वस्त मंडळाने साधकबाधक विचार करून तक्ता छापण्याचे ठरविले, आणि तो का छापला हे सांगण्याचे काम प्रशासक या नात्याने माझ्याकडे आले. मी वैद्यकीय क्षेत्रातील नव्हे, वाणिज्य शाखेचा पदवीधर. तेव्हा मेट्रन बाई, आमचे फार्मासिस्ट आणि वॉर्डातील सिस्टर यांच्याकडून वेळोवेळी जे समजून घेतले, ते माझ्या समजुतीप्रमाणे येथे मांडत आहे.

औषध डॉक्टर लिहितात, फार्मसी ते पुरविते. परंतु रुग्णाच्या शरीरात ते जाते परिचारिकेच्या हातून. तिच्या आधी कोणी चूक केली असेल तर ती पकडण्याची अखेरची संधी तिची असते, आणि तिच्या नंतर तपासणारे कोणीही नसते. या कामाचे प्रमाण किती, याची कल्पना येण्यासाठी एक साधे गणित करू. तीस खाटांचा एक वॉर्ड धरा. गोळ्या, इंजेक्शने, सलाईनमधून जाणारी औषधे, वाफारे असे सर्व मिळून प्रत्येक रुग्णास दिवसाला दहा मात्रा धरल्या, तर एका वॉर्डात दिवसाला ३०० मात्रा होतात. परीक्षेत शेकडा ९९ गुण मिळाले तर आपण पेढे वाटतो. येथे शेकडा ९९ म्हणजे रोज ३ चुका आणि वर्षाला १,०९५. हिशेबात चूक झाली तर उलट नोंद करून ती दुरुस्त करता येते. शिरेतून गेलेल्या औषधाची उलट नोंद नसते.

परिचर्या शिक्षणात पहिल्या वर्षापासून शिकविला जाणारा नियम असा की, योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ या पाचही गोष्टी दर वेळी ताडून पाहाव्यात. दिल्यानंतर लगेच योग्य नोंद करावी, ही सहावी. ऐकायला हे फारच सोपे वाटते. मलाही वाटत असे. वॉर्डात उभे राहून पाहिल्यावर समजले की यातील प्रत्येक शब्दामागे एकेक खाचखळगा आहे.

'योग्य रुग्ण' हेच घ्या. आपल्या भागात एकाच वॉर्डात दोन शांताबाई किंवा दोन मारुती पाटील असणे ही नित्याची बाब आहे. खाट क्रमांकावर विसंबावे, तर पंख्याखालची वा खिडकीजवळची खाट रिकामी झाली की नातेवाईक प्रेमापोटी आजींना परस्पर तिकडे हलवितात, आणि केसपेपर मात्र जुन्या खाटेलाच राहतो. "तुम्ही शांताबाई ना?" असे विचारावे, तर ग्लानीत असलेली किंवा कमी ऐकू येणारी वृद्धा कोणत्याही नावाला "हो" म्हणते. म्हणून आता प्रत्येक रुग्णाच्या मनगटावर नाव व नोंदणी क्रमांकाची पट्टी असते, आणि सिस्टर विचारतात ते असे : "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा बघू." रोज चार वेळा हाच प्रश्न ऐकून काही रुग्ण वैतागतात. "चार दिवस झाले, अजून नाव पाठ झालं नाही का?" अशी एक लेखी तक्रारही आमच्या पेटीत आली होती. नाव पाठ असते. तरीही विचारायचे असते.

'योग्य औषध' ही बाब त्याहून बिकट. एकाच औषधाला आपल्याकडे डझनावारी ब्रँडनावे आहेत. तापासाठी वॉर्डातून पॅरासिटामॉल चालू असते आणि अंगदुखीसाठी घरून आणलेल्या दुसऱ्या नावाच्या गोळीतही पॅरासिटामॉलच असते. प्रौढ माणसासाठीची दिवसाची ४ ग्रॅमची कमाल मर्यादा अशा वेळी कोणाच्याही लक्षात न येता ओलांडली जाऊ शकते. डोपामीन आणि डोब्युटामीन या दोन भिन्न औषधांची नावे घाईत ऐकली तर सारखीच वाटतात. तातडीच्या ट्रेमधील अॅड्रेनॅलिन व अॅट्रोपिन यांची १ मिलिलिटरची अँप्युल हाताला जवळजवळ एकसारखी लागतात. २०१६ साली तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने औषधे मूळ नावाने, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या रोमन अक्षरांत लिहावीत अशी दुरुस्ती आपल्या नियमांत केली. आमच्या डॉक्टरांच्या हस्ताक्षरात तेव्हापासून सुधारणा झाली आहे. सर्वांच्या सारखीच झाली, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

पोटॅशियम क्लोराइडविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ही गोष्ट ऐकून मी स्वतः हादरलो होतो. रक्तातील पोटॅशियम कमी झाले की हे औषध सलाईनमध्ये पुरेसे पातळ करून सावकाश द्यावे लागते. तसे दिले तर ते प्राण वाचविते. तेच न मिसळता थेट शिरेत गेले तर हृदय बंद पडू शकते. आणि हे स्वच्छ पाण्यासारखे दिसणारे १० मिलिलिटरचे अँप्युल पूर्वी आमच्या सर्वसाधारण वॉर्डात इंजेक्शने विरघळविण्यासाठी लागणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारच्या कप्प्यात ठेवलेले असे. वर्षानुवर्षे काही झाले नाही, म्हणून कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. आता ते सर्वसाधारण वॉर्डांतून पूर्णपणे हलविले असून फार्मसीत व अतिदक्षता विभागात कुलपाखाली, लाल पट्टीच्या डब्यात असते. या सुधारणेसाठी संस्थेला खर्च आला तो एका डब्याचा आणि एका कुलपाचा.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात तापाच्या रुग्णांनी वॉर्ड भरून वाहत होते, व्हरांड्यातही खाटा टाकल्या होत्या. पायाला जखम झालेल्या एका मधुमेही आजींना रात्री झोपण्यापूर्वी दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्शुलिनचे १६ युनिट द्यावयाचे होते. ते इन्शुलिन आमच्या फार्मसीत संपले होते, म्हणून मुलाने बाहेरून आणून दिले.

आपल्या देशात इन्शुलिनच्या बाटल्या दोन तीव्रतेच्या मिळतात. एकीत दर मिलिलिटरला ४० युनिट असतात, दुसरीत १००. दोहोंसाठी सिरिंजही वेगळ्या असतात. चाळीसच्या सिरिंजचे टोपण लाल, शंभरच्या सिरिंजचे नारिंगी. मुलाने आणलेली बाटली शंभरची होती आणि वॉर्डाच्या खणात सिरिंज होत्या त्या चाळीसच्या. सिस्टरनी सिरिंज १६ च्या रेषेपर्यंत भरली. चाळीसच्या सिरिंजवर १६ ची रेघ म्हणजे ०.४ मिलिलिटर, शंभरच्या बाटलीतून तेवढे औषध काढले की त्यात ४० युनिट होतात. लिहिलेली मात्रा १६, गेलेली ४०, म्हणजे अडीच पट. सिस्टरनी रेघ बरोबर पाहिली होती, नाव बरोबर पाहिले होते, वेळही बरोबर होती.

पहाटे चारच्या सुमारास आजींना दरदरून घाम फुटला व त्या असंबद्ध बोलू लागल्या. सिस्टरनी ताबडतोब बोटाच्या रक्तातील साखर तपासली, डॉक्टरांना उठविले, शिरेतून ग्लुकोज सुरू झाले. पुढचा संपूर्ण दिवस तासातासाने साखर तपासावी लागली. आजी सुखरूप घरी गेल्या. आणि हे नमूद केलेच पाहिजे की सकाळी बाटली व सिरिंज शेजारी शेजारी ठेवून चूक कशी झाली हे शोधून काढले ते त्याच सिस्टरनी, आणि डॉक्टरांना आपण होऊन सांगितले तेही त्यांनीच. त्या रात्री त्या एकट्या मावशींच्या मदतीने तीसहून अधिक रुग्ण सांभाळत होत्या.

मी काय केले? त्यांना कारणे दाखवा नोटीस दिली आणि त्या वर्षीची वेतनवाढ रोखली. आजींच्या मुलाला आम्ही "साखर एकदम कमी झाली होती" एवढेच सांगितले. ते खोटे नव्हते, पण पूर्ण सत्यही नव्हते. त्या वेळी मला वाटले की प्रशासक म्हणून मी शिस्त राखली.

पुढील वर्षभर औषधविषयक घटनांची वही कोरी राहिली. मी ती समाधानाने विश्वस्तांसमोर ठेवली, आणि त्या वर्षीच्या अहवालात 'औषध देण्यासंबंधी एकही अनुचित घटना घडली नाही' हे वाक्यही माझ्याच लेखणीतून उतरले. अहवाल छापून आल्यावर मेट्रन बाई माझ्या खोलीत आल्या. त्या म्हणाल्या, "साहेब, चुका थांबलेल्या नाहीत. लिहिणं थांबलंय." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमच्या किरकोळ खर्चाच्या वहीत वर्षभर एकही नोंद नसती, तर तुम्ही काय समजला असता?"

वाणिज्य शाखेच्या माणसाला याहून नेमक्या शब्दांत सांगता आले नसते. खर्चाची वही कोरी याचा अर्थ खर्च झाला नाही असा कोणताही लेखापाल काढणार नाही. तो व्हाउचर शोधू लागेल. नोटीस मागे घेण्यास व वेतनवाढ पूर्ववत करण्यास विश्वस्त मंडळाने मान्यता दिली, परंतु तोवर त्या सिस्टर राजीनामा देऊन गेल्या होत्या. मंजुरीचे पत्र त्यांच्या घरच्या पत्त्यावर पाठविले. उत्तर आले नाही.

नंतर वाचनात आले की हा अनुभव आमचा एकट्याचा नव्हता. अमेरिकेत १९९९ साली तेथील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने उपचारांतील चुकांविषयी एक गाजलेला अहवाल काढला. बहुसंख्य चुका निष्काळजी माणसांमुळे नव्हे, तर चूक सहज घडू देणाऱ्या पद्धतींमुळे होतात, हे त्याचे मुख्य सांगणे होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारी टाळण्याजोगी हानी कमी करण्यासाठी जगभर मोहीम हाती घेतली, तेव्हा अशा चुकांचा जागतिक खर्च वर्षाला सुमारे ४२ अब्ज डॉलर असल्याचा अंदाज दिला होता. आकडा डोळे दिपविणारा आहे. मला मात्र आजही चाळीस आणि शंभर हे दोनच आकडे आठवतात.

त्यानंतर आम्ही पद्धती बदलल्या. इन्शुलिनच्या दोन तीव्रतांच्या बाटल्या व त्यांच्या सिरिंज आता एकाच खणात कधीही नसतात, आणि बाहेरून आलेली बाटली फार्मासिस्टने पाहून तिच्याबरोबरच योग्य सिरिंज बांधून दिल्याखेरीज वॉर्डात उघडली जात नाही. इन्शुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम, मॉर्फिनसारखी औषधे अशा जोखमीच्या औषधांची मात्रा दोन परिचारिका तपासतात. यातील दुसरी तपासणी स्वतंत्र असावी लागते. "हे सोळा युनिट आहेत, बघा हो" असे म्हणून सिरिंज पुढे केली की पाहणाराही सोळाच पाहतो. दुसऱ्या सिस्टरनी मूळ आदेश वाचून, बाटली हाती घेऊन, आपला हिशेब आपण मांडायचा आणि मगच पहिलीच्या उत्तराशी जुळवायचा. ज्या कारकुनाने बेरीज केली त्याच्याच कागदावर टिचक्या मारणे म्हणजे लेखापरीक्षण नव्हे, हे आम्हां हिशेबाच्या मंडळींना कोणी शिकवावे लागत नाही. फोनवरून दिलेला आदेश तातडीच्या प्रसंगीच घेतला जातो, लिहून घेऊन परत वाचून दाखविला जातो आणि 'फिफ्टीन' व 'फिफ्टी' यांचा घोळ होऊ नये म्हणून आकडा सुटा सुटा, 'एक, पाच' असा उच्चारला जातो. 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहिला जातो. कारण त्याचे इंग्रजी आद्याक्षर घाईत शून्यासारखे दिसते आणि १० चे १०० होतात.

वहीचे स्वरूपही बदलले. आता नोंद करणाऱ्याने आपले नाव लिहिलेच पाहिजे असे नाही. प्रामाणिकपणे नोंदविलेल्या चुकीबद्दल नोटीस दिली जात नाही. जाणूनबुजून केलेला हलगर्जीपणा वा लपवाछपवी यांची गोष्ट वेगळी, आणि ती वेगळीच हाताळली जाते. महिन्यातून एकदा मेट्रन बाई, एक डॉक्टर, फार्मासिस्ट व मी अशी चार माणसे बसून प्रत्येक नोंद वाचतो. आणि रुग्णाच्या बाबतीत चूक झालीच, तर ती डॉक्टरांनी त्याच दिवशी नातेवाईकांना समक्ष सांगावयाची, असा ठराव विश्वस्त मंडळाने केला आहे. तो करताना कायदेशीर अडचणींची भीती सर्वांनाच वाटत होती. ती अद्याप पूर्णपणे गेलेली नाही.

परिशिष्टातील आकडा मोठा दिसतो तो यामुळे. त्यातील बहुतांश नोंदी टळलेल्या चुकांच्या आहेत : दुसऱ्या तपासणीत पकडलेली मात्रा, मनगटपट्टीशी न जुळलेले नाव, देण्यापूर्वी रुग्णानेच "ही गोळी माझी नव्हे" म्हणून परत केलेली पुडी. या पूर्वीही घडत असणारच. त्या कागदावर नव्हत्या, एवढेच.

एका बाबतीत मात्र आम्हांला अद्याप पुरेसे यश आलेले नाही, आणि तेथे रुग्णांच्या आप्तांचे साहाय्य हवे आहे. २०१० साली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांच्या कामाच्या निरीक्षणावर आधारित एक अभ्यास प्रसिद्ध झाला. औषध देत असताना कामात पडणाऱ्या प्रत्येक व्यत्ययागणिक चुकांचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. आमच्या मेट्रन बाईंनी एका सकाळी औषधफेरीच्या मागे मला उभे केले. "सिस्टर, सलाईन संपत आलंय," "सिस्टर, डॉक्टर कधी येणार?", "सिस्टर, डबा आत आणू का?", "सिस्टर, विम्याच्या कागदावर सही..." हे सारे एकाच रुग्णाची औषधे काढत असताना. यातील एक हाक तर माझ्याच कार्यालयातून आलेल्या शिपायाची होती. तेव्हापासून फेरीवरील सिस्टर 'औषधफेरी चालू आहे, कृपया थांबवू नये' असा मजकूर असलेला पिवळा एप्रन घालतात. पहिल्या महिन्यात नातेवाईकांना तो उद्धटपणा वाटला. तक्रारी आल्या. मग प्रत्येक फेरीच्या वेळी आप्तांच्या शंकांसाठी एक मावशी वॉर्डाच्या दाराशी बसविली, तेव्हा कोठे तक्रारी कमी झाल्या. कार्यालयातून फेरीच्या वेळी वॉर्डात निरोप पाठविणे मी बंद केले आहे.

आप्तांना आणखी एक विनंती आहे. घरी चालू असलेली सर्व औषधे, त्यांत आयुर्वेदिक चूर्णे, काढे आणि शेजाऱ्यांनी सुचविलेल्या गोळ्याही आल्या, दाखल होताना पिशवीसह सिस्टरना दाखवावीत. कोणी रागावणार नाही. पूर्वी कोणत्या औषधाने अंगावर गांधी उठल्या असतील वा श्वास लागला असेल, तर ते विचारण्याची वाट न पाहता सांगावे. गोळी गिळता येत नाही म्हणून ती घरच्यांनी कुटून देऊ नये. काही गोळ्या पोटात सावकाश विरघळाव्यात अशाच बनविलेल्या असतात, आणि कुटल्या की दिवसभराची मात्रा एकदम उतरते. आणि औषध नेहमीपेक्षा वेगळे दिसले तर निःसंकोच विचारावे. या वर्षीच्या तक्त्यातील काही टळलेल्या चुका अशाच विचारण्यामुळे टळल्या आहेत.

देणगीदारांसाठीही थोडे लिहावयाचे आहे. मनगटपट्टी यंत्राने वाचून औषध पडताळण्याची संगणकीय पद्धत घ्यावी, अशी सूचना काही हितचिंतकांनी केली असून त्यांचे आम्ही आभारी आहोत. ती पद्धत उपयुक्त आहे व यथावकाश घेऊही. परंतु तूर्त आमची निकड वेगळी आहे. सर्वसाधारण रुग्णालयात साधारण पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सांगितला जातो. रात्रपाळीत आम्ही त्यापासून दूर आहोत. दोन सिस्टरनी मात्रा स्वतंत्रपणे तपासावी असा नियम केला, तर मुळात पाळीला दोन सिस्टर असाव्या लागतात. सध्या काही रात्री शेजारच्या वॉर्डातून सिस्टर बोलवाव्या लागतात आणि तेवढा वेळ तो वॉर्ड उघडा राहतो. यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते, रात्रपाळीच्या जादा सिस्टरवर ते कोरता येत नाही, ही आमची जुनी अडचण आहे. यासाठी 'परिचर्या निधी' या नावाने कायम ठेवीचे स्वतंत्र खाते उघडण्यास विश्वस्त मंडळाने मान्यता दिली आहे. ठेवीचे केवळ व्याज रात्रपाळीतील जादा परिचारिकांच्या वेतनासाठी वापरले जाईल व त्याचा हिशेब दरवर्षी ताळेबंदासोबत वेगळा दाखविला जाईल.

औषधफेरीच्या वेळा प्रत्येक वॉर्डाच्या दारावर मराठी व हिंदीत लावल्या आहेत. परिशिष्टातील तक्ता पुढील वर्षीही याच ठिकाणी छापला जाईल. आकडा वाढला तर का वाढला आणि घटला तर का घटला, याचे उत्तर देण्यासाठी वार्षिक सर्वसाधारण सभेस मेट्रन बाई व मी, दोघेही उपस्थित असू. मूळ वही, रुग्णांची नावे झाकून, सभेच्या टेबलावर ठेवलेली असेल.